बारा वर्षांची उमेदवारी : संकलक वामन भोसले



आज ज्या माणसाविषयी बोलायला मी उभा आहे, त्याचं नुसतं नाव घेतलं तर या सभागृहात फार थोडे हात वर होतील. त्याच्या कामाची यादी वाचली, तर मात्र चाळिशी ओलांडलेल्या एकाचाही हात खाली राहणार नाही. 'दो रास्ते', 'मेरा गाँव मेरा देश', 'मेरे अपने', 'परिचय', 'आँधी', 'मौसम', 'इन्कार', 'कर्ज', 'दोस्ताना', 'हीरो', 'राम लखन', 'अग्निपथ', 'सौदागर', 'गुलाम'. या चित्रपटांचे दिग्दर्शक वेगळे, नट वेगळे, संगीतकार वेगळे. संकलक मात्र एकच : वामन भोसले. यांतल्या कितीतरी चित्रपटांत त्यांच्या जोडीला गुरुदत्त शिराली होते. श्रेयनामावलीत ही दोन नावं शेजारी शेजारी यायची आणि आपण तेव्हा खुर्ची शोधत असायचो.

वामनरावांचा जन्म १९ एप्रिल १९३२ रोजी गोव्यात, बारदेश तालुक्यातल्या पोंबुर्पा गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता. विशीतला हा मुलगा १९५२ साली नोकरीच्या शोधात मुंबईला आला. सिनेमाच करायचा, असं काही मनाशी धरून तो आला नव्हता. काम हवं होतं, ते मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये मिळालं. तिथले संकलक डी. एन. पै यांच्या हाताखाली तो शिकू लागला. पुढे गोरेगावच्या फिल्मिस्तान स्टुडिओत सहायक संकलक म्हणून त्यांनी तब्बल बारा वर्षं काढली. स्वतंत्र संकलक म्हणून मोठी संधी मिळाली ती राज खोसला यांच्या 'दो रास्ते'मध्ये, आणि तो पडद्यावर आला १९६९ साली. म्हणजे मुंबईत पाऊल ठेवल्यापासून सतरा वर्षांनी. त्यानंतरच्या चार दशकांत या माणसाच्या हातून दोनशे तीसहून अधिक चित्रपट गेले.

त्या बारा वर्षांवर मला बोलायचं आहे. आपण कलावंताचं चरित्र सांगतो तेव्हा उमेदवारीचा काळ एका वाक्यात उरकतो. हालअपेष्टा सोसल्या, मग दिवस पालटले, असं म्हणून पुढे सरकतो. माझं म्हणणं असं की वामन भोसले यांच्या कामातलं जे काही थोर आहे, त्याचं मूळ याच बारा वर्षांत आहे. ती वर्षं नसती तर 'आँधी' आणि 'इन्कार' आज आपल्याला आठवतात तसे झाले नसते.

आधी संकलनाच्या खोलीत काय चालायचं ते सांगतो. पस्तीस मिलिमीटरची फिल्म एका सेकंदात चोवीस चौकटी पुढे सरकते. एका फुटात सोळा चौकटी बसतात. मिनिटाला नव्वद फूट. पावणेतीन तासांचा चित्रपट म्हणजे १४,८५० फूट फिल्म, आणि ही झाली फक्त शेवटी पडद्यावर जाणारी. चित्रीकरणात त्याच्या कितीतरी पट फिल्म खर्ची पडते, कारण एकच प्रसंग दुरून घेतात, मधून घेतात, जवळून घेतात आणि प्रत्येकाचे अनेक टेक होतात. प्रयोगशाळेतून रशेस, म्हणजे चित्रीकरणाच्या कच्च्या प्रती, आले की पहिलं काम सहायकाचं. चित्राची पट्टी वेगळी, आवाजाची वेगळी. क्लॅपची फळी जिथे मिटते ती चौकट शोधायची, आवाजाच्या पट्टीवर तो 'टक्' कुठे आहे तो शोधायचा, दोन्हींवर चायना पेन्सिलीनं फुली मारायची आणि पट्ट्या जुळवायच्या. फिल्मच्या कडेला छापलेले आकडे वहीत उतरवायचे. संकलकानं कापून बाजूला टाकलेला प्रत्येक तुकडा खुंटीला लटकवायचा आणि तो कुठे लटकवला हे ध्यानात ठेवायचं. कारण चार दिवसांनी संकलक म्हणणार, 'त्या क्लोजअपच्या शेवटच्या दहा चौकटी काढ रे.' त्या दहा चौकटी, म्हणजे बोटभर लांबीचे दोन-तीन तुकडे एकापुढे एक धरले तर होईल एवढी पट्टी, शेकडो तुकड्यांतून काढून द्यायची. हातात पांढरे सुती हातमोजे, नाहीतर बोटांचे ठसे फिल्मवर उमटायचे.

हे कारकुनी काम वाटेल. पण हे करता करता सहायकाच्या डोळ्यांपुढून एक गोष्ट रोज जाते : काय घेतलं होतं आणि त्यातलं काय ठेवलं. प्रेक्षकाला फक्त ठेवलेलं दिसतं. दिग्दर्शकाला आपल्या मनातलं दिसतं. दोन्ही बाजू रोज शेजारी शेजारी पाहणारा माणूस सहायकच. नटाचा उत्तम टेक बाजूला पडतो आणि त्याच्यापेक्षा साधा टेक चित्रपटात जातो, तेव्हा त्याला प्रश्न पडतो. उत्तर कुणी देत नाही. गुरू फारसं बोलत नसतो, त्याची कात्री बोलते. असे शे-दोनशे प्रसंग डोळ्यांखालून गेले की हळूहळू कळू लागतं की तो साधा टेक पुढच्या चेहऱ्याला जागा करून देत होता.

संगीतात आपण याला तालीम म्हणतो आणि तिचा मान राखतो. गुरूच्या मागे बसून तंबोरा धरण्याची वर्षं आपण अभिमानानं सांगतो. मग संकलनाच्या खोलीतल्या वर्षांचा मान आपण का राखत नाही?

आता ही तालीम कुठून आली ते पाहू, कारण तिचा एक धागा थेट जर्मनीपर्यंत जातो. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली बॉम्बे टॉकीज काढली. त्याआधी म्युनिकच्या एमेल्का कंपनीबरोबर राय यांनी 'लाइट ऑफ एशिया'सारखे मूकपट केले होते. त्या ओळखीतून मालाडला जर्मन तंत्रज्ञ आले : दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायालेखक योझेफ विर्शिंग, नेपथ्यकार कार्ल फॉन स्प्रेटी, प्रयोगशाळेत विल्हेल्म झोले. ध्वनीसाठी हार्टली हे इंग्रज गृहस्थ. राय यांनी आणखी एक गोष्ट केली आणि तिचं महत्त्व मला फार वाटतं. या प्रत्येकाच्या हाताखाली त्यांनी आपली शिकलेली मुलं ठेवली. अशोक कुमार तिथे आले ते प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून, नायक नंतर झाले. शशधर मुखर्जी ध्वनिविभागात होते. ऑस्टेन यांनी १९३६ साली 'अछूत कन्या' दिग्दर्शित केला, त्याचे संकलक होते दत्ताराम पै, म्हणजेच आपले डी. एन. पै.

इथे क्षणभर थांबून विचार करा. ऑस्टेन यांना हिंदी येत नव्हतं. ज्या भाषेत चित्रपट चालला आहे ती दिग्दर्शकाला कळत नाही. कुठल्या शब्दावर जोर आहे, कुठला टेक बोलायला खरा उतरला आहे, वाक्य संपल्यावर किती श्वास सोडायचा, हे त्याच्या कानाला कसं कळणार? अशा वेळी संकलकाच्या कानावर भार येणारच. जर्मन शिस्तीतली दृश्यरचना आणि हिंदी बोलीचा श्वास यांचा मेळ त्या टेबलावर बसत असणार, आणि त्या टेबलापाशी पै बसलेले होते, असं मी समजतो.

१९३९ साली महायुद्ध पेटलं आणि ब्रिटिश सरकारनं जर्मन मंडळींना स्थानबद्ध केलं. ऑस्टेन तर १९३६ पासून नाझी पक्षाचे सभासद होते, हे लपवण्यात अर्थ नाही. वयामुळे त्यांची सुटका झाली, ते जर्मनीला परतले. विर्शिंग मात्र युद्ध संपेपर्यंत स्थानबद्ध राहिले, नंतर पुन्हा इथेच काम करू लागले. 'महल' त्यांनी टिपला, 'पाकीज़ा'चं चित्रीकरण चालू असताना १९६७ साली ते गेले. सांगायचा मुद्दा हा की माणसं गेली तरी हातांत उतरलेलं काम गेलं नाही. पै यांनी १९४३ साली 'किस्मत' संकलित केला. त्याच वर्षी शशधर मुखर्जी, अशोक कुमार आणि रायबहादूर चुनीलाल यांनी बाहेर पडून गोरेगावला फिल्मिस्तान काढलं. आणि १९५२ साली पोंबुर्प्याचा मुलगा पै यांच्या शेजारी येऊन बसला. म्युनिक, मालाड, गोरेगाव आणि मध्ये या दोन कोकणी माणसांचे हात. विद्येचा हा प्रवास कुठल्याही पाठ्यपुस्तकात न लिहिता झाला.

पुढे जर्मनीशी आणखी एक नातं जुळलं, ते यंत्रांचं. आधीची मुव्हिओला अमेरिकेची. उभं यंत्र, पायानं चालवायचं, शिलाईयंत्रासारखी खडखड. नंतर हॅम्बुर्गच्या स्टीनबेक कंपनीची आडवी टेबलं आली. त्यांवर फिल्मच्या चकत्या सपाट फिरत, चित्र मोठं दिसे आणि फिल्मला इजा कमी होई. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या याच टेबलांवर शिकल्या. यंत्र बदललं तरी निर्णय माणसाचाच होता, हे वेगळं सांगायला नको.

'दो रास्ते' हा आपल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'निलांबरी' कादंबरीवरचा चित्रपट. एकत्र कुटुंब, श्रीमंताघरची सून, घर फुटणं. राजेश खन्नाची लाट नुकतीच उसळली होती आणि मुमताजची गाणी गल्लोगल्ली वाजत होती. चित्रपट तुफान चालला आणि वामन-गुरू, म्हणजे भोसले आणि शिराली, ही जोडी सर्वांना ठाऊक झाली. सर्वांना म्हणजे निर्मात्यांना. त्यानंतरची कामं भराभर आली, त्या सगळ्यांत मी शिरत नाही. दोन-तीन प्रसंगांपाशी मात्र सावकाश थांबायचं आहे.

पहिला 'आँधी'तला. गुलजार यांचा हा चित्रपट १९७५ चा. आणीबाणीत त्याचं प्रदर्शन थांबवलं गेलं, १९७७ साली तो पुन्हा लोकांपुढे आला. संजीव कुमार एका हॉटेलाचा व्यवस्थापक आणि सुचित्रा सेन राजकारणात वर चढलेली बाई. एकेकाळचे नवरा-बायको अनेक वर्षांनी समोरासमोर येतात. काश्मिरातल्या मार्तंडच्या पडक्या सूर्यमंदिरात, रात्री, ती दोघं चालत आहेत आणि 'तेरे बिना ज़िंदगी से' हे गाणं सुरू आहे. गाण्याच्या मधोमध शब्द थांबतात, संजीव कुमार साध्या बोलण्यात काही सांगू लागतो आणि मग गाणं पुन्हा वर येतं.

हिंदी चित्रपटात गाणं अखंड असतं. लोकांना ते रेडिओवरून पाठ झालेलं असतं. त्याच्या मध्ये बोलणं घालायचं म्हणजे दोन लयी सांभाळायच्या : एक राहुलदेव बर्मन यांच्या संगीताची आणि दुसरी दोन दमलेल्या माणसांच्या संभाषणाची. बोलणाऱ्या संजीव कुमारवर फार वेळ राहिलात तर त्याची कैफियत होते. फार लवकर सुचित्रा सेनकडे गेलात तर तिच्या आसवांची जाहिरात होते. इथे ती ऐकत असताना तिचा चेहरा येतो तो वाक्य उतरणीला लागल्यावर, जेव्हा ऐकलेलं आत पोचायला तिला अवधी मिळालेला असतो. मग मंदिराची पडकी कमान, दोन लहान आकृत्या, आणि गाणं. एवढ्याने आपल्याला त्यांच्या संसारातली सगळी गेलेली वर्षं कळतात. त्या चित्रपटात भूतकाळ वारंवार येतो, 'मौसम'मध्ये तर म्हातारा झालेला संजीव कुमार आपल्याच तरुणपणाकडे उभा राहून पाहतो. वर्तमानातून मागे कधी जायचं, तिथे किती रेंगाळायचं आणि कुठल्या नजरेवर परत यायचं, या प्रश्नांची उत्तरं पटकथेत अर्धीच असतात. उरलेली अर्धी त्या टेबलावर लिहिली जातात.

दुसरा 'इन्कार'. १९७७ चा, राज एन. सिप्पी यांचा. याच चित्रपटासाठी वामन भोसले आणि गुरुदत्त शिराली यांना संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कथा अकिरा कुरोसावा यांच्या १९६३ च्या 'हाय अँड लो'वर बेतलेली. उद्योगपतीच्या मुलाऐवजी चुकून त्याच्या पदरी काम करणाऱ्या माणसाचा मुलगा पळवला जातो, आणि खंडणी मागितली जाते ती उद्योगपतीकडे. दुसऱ्याच्या मुलासाठी आपलं सर्वस्व घालवायचं का? आपल्या डॉ. श्रीराम लागूंनी ती घालमेल उभी केली आहे. कुरोसावा आपले चित्रपट स्वतःच संकलित करायचे. त्यांच्या डोक्यात चित्रीकरणाच्या वेळीच कात्री चालत असे. वामन-गुरूंना मात्र दुसऱ्याच्या डोक्यातला चित्रपट शोधून काढायचा होता.

हा चित्रपट मधोमध आपली चाल बदलतो. पूर्वार्ध घरात. फोन वाजायची वाट, खोलीत उभी असलेली माणसं, कोणी कोणाकडे बघत नाही. इथे चित्र कमी तुटतं, कारण लागूंच्या चेहऱ्यावर निर्णय होत असताना दुसरीकडे पाहणं म्हणजे त्यांना सूट देणं. उत्तरार्धात विनोद खन्ना आणि पोलीस, अमजद खानचा माग. आता शहर उलगडतं, तुकडे आखूड होतात. त्यातच हेलनचं, उषा मंगेशकरांनी गायलेलं ते गाजलेलं 'मुंगडा'. उत्कंठेच्या चित्रपटात मध्येच नाच आला की ताण सुटतो, हा आपला नेहमीचा अनुभव. इथे सुटत नाही, कारण नाच पाहताना आपण अमजदला विसरत नाही. पुरस्कार समितीनं नेमकं काय पाहिलं असेल कोण जाणे, पण मला विचाराल तर या दोन चालींचा सांधा कुठेही खटकत नाही, एवढ्यासाठीसुद्धा तो पुरस्कार योग्य होता. गिरणीत चालू साच्यावर तुटलेला धागा जोडणारा कामगार या सोलापूर शहरानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. कापडावर हात फिरवून गाठ लागली नाही, तरच त्याचं काम चांगलं.

तिसरा प्रसंग 'कर्ज'चा, १९८०. सुभाष घई यांचे बहुतेक मोठे चित्रपट वामनरावांकडे असत. 'कालीचरण'पासूनचं हे नातं. वामनराव गेले तेव्हा घई यांनी त्यांना संकलनातले आपले शिक्षक म्हटलं, आणि पुढे स्वतः 'ताल' संकलित करण्याची प्रेरणाही त्यांच्याचकडून घेतल्याचं सांगितलं. 'एक हसीना थी' या गाण्यात रंगमंचावर ऋषी कपूर आणि टीना मुनीम एका खुनाची गोष्ट सादर करत आहेत आणि प्रेक्षागृहात खून करणारी कामिनी, म्हणजे सिमी गरेवाल, बसली आहे. भोवतीच्या प्रेक्षकांना ठाऊक नाही की ही गोष्ट खरी आहे. आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आपले डोळे रंगमंचापेक्षा तिच्याकडे लागलेले असतात, आणि संकलक ते ओळखून आपल्याला तिच्याकडे नेतो, पण थोडं थोडं. आधी ती गाणं ऐकणारी एक रसिक बाई. मग काहीतरी खुपलेली. मग दर खेपेला तिच्याकडे गेलो की भीती एक पायरी वर चढलेली. सादरीकरण जसजसं त्या जीपपर्यंत येतं तसतसे तिच्याकडे जाण्याचे फेरे वाढतात. गाण्याचा ठेका आणि बाईचा धीर सुटणं एका मापात चालतं. हे नऊ-दहा प्रकारे करता आलं असतं आणि त्यातल्या बहुतेक प्रकारांनी तिची घबराट पहिल्याच कडव्यात उघडी पडली असती.

याच्या उलट उदाहरण 'गुलाम'मधलं. १९९८. वामनराव साठी ओलांडून पुढे गेलेले. आमिर खान रुळांवर समोरून येणाऱ्या लोकलच्या दिशेनं धावतो आणि शेवटच्या क्षणी बाजूला उडी घेतो. सानपाडा स्थानकावर टिपलेला हा प्रसंग. त्यातला जीव घेणारा तुकडा असा की धावणारा माणूस आणि येणारी गाडी एकाच चौकटीत आहेत. तिथे कात्री लावली असती तर कुणीही म्हणालं असतं, माणूस वेगळा, गाडी वेगळी, नंतर जोडलं. कापायचा मोह होणाराच तो क्षण, आणि तिथे हात आवरला गेला आहे. हे धैर्य वयानं येतं. बारा वर्षं दुसऱ्याचा हात पाहिल्यानंही येतं.

सोलापूरकरांनो, तुमच्याविषयीही इथे बोललं पाहिजे. संकलकानं मुंबईत दोन चौकटींसाठी रात्र जागवायची, आणि मग प्रिंट गावोगाव फिरायची. मोठ्या शहरांत चालून चालून चरे पडलेली प्रिंट जिल्ह्याच्या ठिकाणी यायची. मशीन चालू असताना फिल्म तुटली की खाली प्रेक्षागृहात शिट्ट्या, आणि वर ऑपरेटर घाईघाईनं दोन्ही टोकं खरवडून सिमेंट लावून जोडणार. प्रत्येक जोडणीत दोन-तीन चौकटी गेल्याच. अशा पाच-पंचवीस जोडण्या झालेली प्रिंट आपण पाहायचो. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे प्रेक्षक एकाच खुर्च्यांच्या रांगेत, गिरणीची पाळी सुटल्यावर थेट आलेले. चित्रपट कुठे लांबला हे या गर्दीला बरोबर कळायचं. खोकले सुरू व्हायचे, बिड्या ओढायला माणसं उठायची. संकलकाची खरी परीक्षा तिथे होती आणि 'दो रास्ते'पासून 'राम लखन'पर्यंत वामनराव तीत वारंवार उत्तीर्ण झाले. रीळ बदलायची वेळ आली की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक गोल ठिपका चमकून जायचा, तो ऑपरेटरसाठीचा इशारा असे. चित्रपटात बुडालेल्या माणसाला तो ठिपका कधीच दिसला नाही.

आणि आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे. त्यांच्या २०१६ च्या 'सैराट'चे संकलक कुतुब इनामदार. शेवटी रक्तात भिजलेली बाळाची पावलं उमटत जातात आणि सगळा आवाज बंद होतो. अजय-अतुलच्या गाण्यांनी तीन तास नाचवलेल्या प्रेक्षकाला शेवटी काहीच ऐकू द्यायचं नाही, हा निर्णय किती मोठा आहे! संकलक दोन गोष्टी कापतो, चित्र आणि आवाज. दुसरी आपण विसरतो. 'सैराट' पाहून सुन्न होऊन बाहेर पडलेल्यांना विचारलं तर आर्ची आठवते, परशा आठवतो, गाणी आठवतात. इनामदारांचं नाव किती जण घेतात?

हे इथलंच दुखणं आहे असंही नाही. विम वेंडर्स हे नाव जगभरच्या फिल्म सोसायट्यांत घेतलं जातं. 'किंग्ज ऑफ द रोड', 'पॅरिस, टेक्सास', 'विंग्ज ऑफ डिझायर' यांचं संकलन करणाऱ्या पेटर प्रिगोड्डा यांचं नाव तिथेही फार कुणाच्या तोंडी नसतं. वेंडर्स यांचा तो संथपणा, लांबच लांब रस्ते, बोलता बोलता गप्प होणारी माणसं, हे सगळं एका हातानं किती वेळ राहू द्यायचं ते ठरवलं आहे. १९४१ साली बर्लिनमध्ये जन्मलेला हा माणूस २०११ साली गेला. सत्तरच्या दशकात तो पश्चिम जर्मनीत वेंडर्सच्या शांततेला माप देत होता आणि वामनराव मुंबईत राज खोसलांच्या डाकूंना आणि गुलजारांच्या मौनाला. दोघांची भेट झाली असती तर बोलायला दुभाषा लागला असता, टेबलावर बसायला लागला नसता.

मराठी संकलकांची परंपरा केवढी मोठी आहे! शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' १९५८ साली बर्लिनला रौप्य अस्वलाचा मानकरी ठरला, त्याचं संकलन चिंतामण बोरकरांचं. श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'चं भानुदास दिवाकरांचं. या नावांची पुस्तकं नाहीत. नटांची आत्मचरित्रं आपण कपाटभर छापली, दिग्दर्शकांची छापली. संकलकाच्या एका टेबलाची, त्यावरच्या एका दिवसाची नीट नोंद मराठीत सापडत नाही याचं मला मनापासून दुःख होतं.

आता तर खोलीच राहिली नाही. संगणक आला, मग मोबाइल आला. या शहरातली मुलं फोनवर चित्रण करतात आणि फोनवरच जोडतात, आणि त्यांतली काही फार छान जोडतात. साधन स्वस्त झालं याचा मला आनंद आहे. पोंबुर्प्याच्या मुलाला स्टुडिओच्या दारात उभं राहावं लागलं, यांना लागणार नाही. पण शेजारी बसायला त्यांना कुणी नाही, ही गोष्ट मला छळते. चुकीचा तुकडा ठेवला तर 'हा का ठेवलास?' असं विचारणारा पै त्यांच्या आयुष्यात नाही. फिल्मवर कापलेली चौकट परत जोडली तर सांधा दिसे, म्हणून कापण्याआधी माणूस दहादा विचार करी. आता एक बटण दाबलं की सगळं पूर्ववत होतं, आणि विचार नंतर करायची सवय लागते. आपल्या महाविद्यालयांत जनसंज्ञापनाचे वर्ग आहेत. तिथे अनुभवी संकलकाशेजारी सहा महिने नुसतं बसून काम पाहण्याची सोय झाली, तर ती मुलं पुष्कळ पुढे जातील. ही मागणी मी या व्यासपीठावरून करतो आणि तिचा पाठपुरावाही करणार आहे.

वामन भोसले २६ एप्रिल २०२१ रोजी पहाटे गोरेगावच्या राहत्या घरी गेले. एकोणनव्वद वर्षांचे होते. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती, रोज इतक्या बातम्या येत होत्या की ही बातमी आली आणि वाहून गेली. शोकसभा घेण्याजोगे ते दिवस नव्हते. सोलापुरात तरी त्यांच्याविषयी जाहीरपणे बोलण्याची ही पहिलीच वेळ असेल असं मला वाटतं.

माझं बोलणं इथे संपलं, कार्यक्रम संपलेला नाही. 'कर्ज'मधला तो प्रसंग आता पडद्यावर दोनदा दाखवणार आहोत. पहिल्यांदा नेहमीसारखा पाहा. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद असेल. तेव्हा रंगमंचाकडे लक्ष देऊ नका, फक्त सिमी गरेवाल पडद्यावर किती वेळा येते आणि दर खेपेला किती वेळ राहते ते मनाशी मोजा. मोजून झालं की आपण प्रश्नोत्तरं घेऊ.